घरीच दीनियात: ३ ते ८ वर्षांच्या लेकरांना आपल्या भाषेत कसं शिकवावं

माझी थोरली पावणेसहा वर्षांची असताना सूरह इख्लास (कुराणातला एक छोटा अध्याय) न अडखळता म्हणायची. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता मी तिला विचारलं, "आत्ता जे म्हटलंस, त्यात अल्लाहबद्दल काय सांगितलंय गं?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "अम्मी, ती अरबी आहे. त्यातलं मोठ्यांना कळतं."

तिचं काही चुकलं नव्हतं. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीच्या पट्ट्यातले. घरात थोडी उर्दू, थोडी खान्देशी, शाळा जिल्हा परिषदेची मराठी. दीनियातची, म्हणजे धर्मशिक्षणाची, पुस्तकं उर्दूत, त्यात 'कायनात', 'खालिक', 'माबूद' असे शब्द. लेकराला ते शब्द अरबीइतकेच परके. यावल-चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या कितीतरी तडवी (मुस्लिम भिल्ल) घरांत तर रोजच्या बोलण्यात उर्दू नसतेच. अशा घरात मूल पाठांतर करतं, पण आपण काय म्हणतोय ते त्याला कुणी सांगत नाही.

तेव्हापासून मी घरी शिकवते आहे, आधी थोरलीला आणि आता धाकट्याला. अरबी अरबीसारखीच शिकवायची, उच्चारात तडजोड नाही. अर्थ मात्र ज्या भाषेत लेकरू भूक लागल्यावर आईला हाक मारतं त्याच भाषेत सांगायचा. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

सुरुवात करण्याआधी

शाळेचा प्रश्न आधी मिटवून टाका. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. सहाच्या आत मूल पूर्ण वेळ तुमच्याजवळ असतं. ही तीन वर्षं सोन्यासारखी, ती वाया घालवू नका. सहानंतर शाळा सोडवून फक्त दीनी तालीम द्यावी, असं मला वाटत नाही. शाळा आणि घरची तालीम दोन्ही आरामात चालतात. काही कारणाने सगळंच शिक्षण घरी करणार असाल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मुक्त बेसिक शिक्षणाचा कार्यक्रम आहे. त्याचे अ, ब, क हे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात. त्याची माहिती आधीच काढून ठेवा.

सामान फार लागत नाही. नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीची पुस्तिका), रिहल (पुस्तक ठेवायची लाकडी घडी), पाटी-पेन्सिल, एक छोटा मुसल्ला (नमाजसाठी अंथरायचा), एक वही. कायदा मोठ्या छपाईचा घ्या. बारीक छपाईत नुक्ते (अक्षरांचे ठिपके) दिसत नाहीत आणि मूल चुकतं ते डोळ्यांमुळे. मुसल्ला लेकराच्या मापाचा असू द्या, जुन्या चादरीचा शिवला तरी चालतो. स्वतःचा मुसल्ला म्हटला की मूल तो घडी करून जागेवर ठेवायलाही शिकतं.

वेळ रोज २० मिनिटं, त्याहून जास्त नको. अल्लाहला सर्वात आवडणारं काम ते, जे नेमाने होतं, मग ते थोडं का असेना, असं पैगंबर मुहंमद (स.) यांनी सांगितलं आहे. ही हदीस (पैगंबरांचं वचन) मी कायद्याच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून ठेवली आहे, मुलांसाठी नाही, माझ्यासाठी. शाळा सकाळची असेल तर मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) बसा, दुपारची असेल तर फज्रनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) चहा-बिस्किट झालं की लगेच. वेळ कोणतीही निवडा, पण ती बदलू नका. ऐन हंगामात, घरातले सगळे केळी कापणीला गेलेले असतील, तर २० ची ५ मिनिटं करा, पण शून्य करू नका.

आपल्याकडे ४ वर्षं ४ महिने ४ दिवसांचं लेकरू झालं की बिस्मिल्लाहचा कार्यक्रम करतात. ही हौस आहे, रिवाज आहे. दीनचा हुकूम नाही. ऐपत असेल तर करा, पण त्या दिवसाची वाट पाहत आधीचं दीड वर्ष घालवू नका. कार्यक्रमावर मोठा खर्च करून नंतर कायदा फडताळात पडून राहिलेली घरं मी पाहिली आहेत.

३ ते ४ वर्षं: पुस्तक नको

या वयात पुस्तक बाजूला ठेवा. मूल जे बघतं ते उचलतं. जेवताना बिस्मिल्लाह, शिंक आली की अल्हम्दुलिल्लाह, घरात शिरताना सलाम, उजवा हात, झोपताना दुआ. सांगू नका, मोठ्याने म्हणा. लेकरू आठवड्याभरात तुमच्या आधी म्हणायला लागेल.

या वयाला सगळ्यात चांगला धडा मला भरीताने दिला. थंडीत आमच्याकडे वावरात भरीताचा बेत असतो. काड्या पेटवून वांगी भाजायची, ठेचायची, आणि एका परातीभोवती सगळ्यांनी कळण्याची भाकरी घेऊन बसायचं. लेकरं परातीच्या पलीकडे हात घालतात, मिरची उचलतात, सांडतात. अशाच एका ताटावर उमर बिन अबी सलमा हा मुलगा पैगंबर (स.) यांच्यासोबत जेवत होता आणि त्याचा हात ताटभर फिरत होता. पैगंबरांनी त्याला सांगितलं: बाळा, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा, आणि तुझ्या समोरचं खा. तीन वाक्यं, ओरडणं नाही. परातीभोवती ही गोष्ट सांगितली तर वेगळा धडा लागत नाही. माझा धाकटा तेव्हापासून स्वतःच्या समोर बोटाने गोल आखतो आणि म्हणतो, "हे माझं समोरचं."

कलमा याच वयात शिकवा आणि लगेच मराठीत सांगा: "अल्लाहशिवाय कुणीच इबादतीच्या लायक नाही, आणि मुहंमद (स.) अल्लाहचे पैगंबर आहेत." 'इबादत' हा शब्द समजावायला लागतो. मी म्हणते, "ज्याच्यासमोर आपण डोकं टेकतो आणि ज्याच्याकडे मनातलं मागतो." साडेतीन वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

अक्षरं: परात, पीठ आणि तुरीचे दाणे

चार वर्षांनंतर अक्षरं. कायद्यात अलिफ आणि हमझा वेगळे धरून २९ अक्षरं असतात. पहिल्या पानावर सगळी एकदम दिसली की लेकरू घाबरतं. म्हणून ती कुटुंबांत वाटून घ्या. बा, ता, सा हे एक कुटुंब. जीम, हा, खा दुसरं. मग दाल-जाल, रा-झा, सीन-शीन, साद-दाद, ता-झा (ही जाड आवाजाची), ऐन-गैन. या ८ कुटुंबांत १८ अक्षरं बसतात. शरीर एकच, फरक बहुतेक नुक्त्यांचा.

परातीत ज्वारीचं पीठ पसरा. बोटाने आडवी होडी काढा. होडीखाली तुरीचा एक दाणा ठेवला की बा. दाणा उचला, वर दोन ठेवा, ता. वर तीन ठेवा, सा. दाणा हलला की अक्षर बदलतं हे मुलाने स्वतःच्या हाताने केलं की नुक्ता विसरत नाही. पाटीवर हेच शिकवायला मला थोरलीसोबत दीड महिना लागला होता. धाकट्यासोबत परातीत आठवडा. नंतर तेच पीठ चाळून भाकरीला घ्या. आठवड्याला दोन नवी अक्षरं, म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांत पहिली तख्ती, म्हणजे पहिला धडा, होते. नूरानी कायद्याच्या प्रचलित आवृत्तीत १७ तख्त्या आहेत. पहिली हळू झाली की पुढच्या आपोआप वेग घेतात.

आणखी एक अडचण मराठी शाळेतल्या मुलांची. शाळेत डावीकडून उजवीकडे, कायद्यात उलट. पानाच्या उजव्या कडेला पेन्सिलीने छोटं स्टेशन काढा आणि सांगा, गाडी इथून सुटते. एक-दोन आठवड्यांत गोंधळ जातो. कधी मूल शाळेतही उजवीकडून लिहायला लागलं तर रागावू नका, तेही निवळतं.

आवाज: इथे घाई केली तर पुढे पस्तावाल

आता माझी चूक सांगते. सुरुवातीला मी थोरलीला देवनागरीत छापलेल्या पुस्तिकेवरून सूरह पाठ करून घेतल्या. मराठी येते, सोपं वाटलं. नंतर ती हाफिजजींकडे (कुराण पाठ असलेल्या उस्तादांकडे) गेली तेव्हा त्यांनी पहिल्याच शब्दाला थांबवलं. 'क़ुल', घशाच्या आतल्या जाड आवाजाने, म्हणजे 'सांग'. तोच शब्द आपल्या साध्या 'क'ने म्हटला की 'खा' असा अर्थ होतो. तसंच क़ल्ब म्हणजे हृदय, आणि साध्या 'क'चं कल्ब म्हणजे कुत्रा. मराठी छपाईत दोन्ही एकसारखेच दिसतात. चार सूरहांचे उच्चार सुधारायला तिला चार महिने लागले, आणि त्यात तिचा उत्साह गेला तो वेगळाच. म्हणून पठण देवनागरीवरून नको. देवनागरी अर्थासाठी ठेवा.

उच्चार शिकवताना आपल्या बोलीचा उपयोग होतो. आमच्याकडे बोलताना 'ळ'चा 'य' होतो; केळीला लेकरं 'केयी' म्हणतात, डोळ्याला 'डोया'. शाळेत त्यांना 'ळ' शिकावा लागतो, जीभ वळवावी लागते. मी हेच दाखवते: "शाळेत बाईंनी जीभ वळवायला शिकवली, तशी इथे घसा वापरायला शिकायचं." मुलाला कळतं की आवाजाची जागा असते आणि ती शिकता येते.

मोठा 'हा' (जीमच्या घरचा) आरशाने शिकवा. हातातला आरसा तोंडाजवळ धरायचा आणि काच पुसायच्या आधी जशी ऊन वाफ सोडतो तशी सोडायची. काच धुरकटली की आवाज घशाच्या मधल्या जागेतून आला. ऐनची जागाही तीच. 'सा'ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला टेकवून किंचित बाहेर दिसायला हवं; आरशात ते दिसतं. रा-झा जोडीतल्या 'झा'साठी मधमाशी. आपला 'माझा'मधला झ तुटक असतो, तो लांबवता येत नाही. मधमाशीचा आवाज लांबतो. दादला मात्र घाई करू नका, ते मोठ्यांनाही नीट येत नाही. जिभेची कड वरच्या दाढांना लावायची एवढं दाखवा आणि बाकी उस्तादांवर सोडा.

तुमचाच उच्चार कच्चा असेल तर लाजू नका, मुलासोबत शिका. मिसरचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांचं शिकवणीसाठीचं संथ पठण मिळतं. फोन पालथा ठेवा, पडदा दिसू देऊ नका, फक्त आवाज. एक आयत (कुराणातली ओळ) ऐकायची, थांबवायचं, दोघांनी म्हणायचं. आणि महिन्यातून एकदा तरी हाफिजजींना किंवा मकतबच्या (कुराण शिकवणाऱ्या शाळेच्या) आपांना ऐकवा. घरी शिकवणं म्हणजे उस्तादांना सुट्टी देणं नव्हे. चूक मुरायच्या आत त्यांच्या कानावर जायला हवी.

सूरह: आधी अर्थ, मग पाठांतर

क्रम असा ठेवा: फातिहा, इख्लास, नास, फलक, कौसर, अस्र, नस्र, मग फील, कुरैश, काफिरून. कुराणाच्या तिसाव्या पाऱ्यात (भागात) ३७ सूरह आहेत, सगळ्या करायची घाई नाही. सात-आठ वर्षांपर्यंत दहा पक्क्या झाल्या तरी उत्तम.

पद्धत सोपी आहे. सोमवारी फक्त गोष्ट आणि अर्थ, पाठांतर नाही. मंगळवारपासून रोज एक आयत, आधी मागच्या सगळ्या म्हणून मग नवी. शुक्रवारी नवं काही नाही, फक्त आमोख्ता, म्हणजे उजळणी. रविवारी मूल घरातल्या कुणालातरी अर्थ सांगतं: दादीमाला, मामूला, कुणालाही. अर्थ सांगता आला नाही तर पुढची सूरह सुरू करायची नाही. हा नियम कडक वाटेल, पण मी तो मोडत नाही.

फातिहाच्या ७ आयतींना मी सर्वात जास्त वेळ देते, कारण ती रोज कितीदा तरी म्हणायची आहे. पहिल्याच आयतीत 'रब' येतो. 'पालनहार' म्हटलं तरी लेकराला काही दिसत नाही. म्हणून मी धाकट्याला केळीच्या बागेत नेलं. मोठ्या झाडाच्या बुडातून निघालेलं पील दाखवलं. याला पाणी हवं, मग खत, वारा आला की आधार, कडक उन्हात कडेला शेवरीची आड, आणि वर्षाच्या आसपास घड. ज्या वेळी जे हवं ते त्या वेळी देत देत जो पूर्णत्वाला नेतो, तो रब. तू माझ्या पोटात होतास तेव्हा तुला दात नव्हते, कारण तेव्हा नको होते. तो दात चाचपत बराच वेळ उभा राहिला. पाटाच्या पाण्यात पाय ठेवून, एका हाताने पिलाचं पान धरून. मग म्हणाला, "आणि पडलेला दात परत देतो तोपण रब." त्याच्या मावसभावाचा दात त्याच आठवड्यात पडला होता.

बागेत गेलोच आहोत तर अजून एक. सूरह वाकिआच्या २९व्या आयतीत जन्नतच्या वर्णनात 'तल्हिम मन्जूद' आलं आहे, म्हणजे थरावर थर लागलेली तल्ह. बऱ्याच मुफस्सिरांनी (कुराणाच्या भाष्यकारांनी) तल्हचा अर्थ केळी असा घेतला आहे. घडाच्या फण्या एकावर एक कशा लागतात ते आपल्या लेकरांना समजावून सांगावं लागत नाही. घड खांद्यावर वाहणाऱ्या बापाच्या मुलाला ही आयत दाखवा आणि त्याचा चेहरा बघा.

तसंच प्राण्यांच्या नावाच्या सूरह: बकरह म्हणजे गाय, नहल मधमाशी, नमल मुंगी, अन्कबूत कोळी, फील हत्ती. नमलमध्ये मुंगी आपल्या साथीदारांना सांगते, घरात शिरा, नाहीतर सुलेमान आणि त्यांचं लष्कर नकळत तुम्हाला तुडवतील. ही गोष्ट अंगणातल्या मुंग्यांच्या रांगेजवळ बसून सांगा. त्याच सूरहमधला हुदहुद पक्षीही आपल्या वावरात दिसतो, डोक्यावर तुरा असलेला.

वजू आणि नमाज

वजूला (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याला) खेळाच्या वयात सुरुवात करा, हुकूम नंतर. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ तीन-चार दिवसांनी येतो, त्यामुळे वजू शिकवताना पाणी मापूनच देते. पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत, असं हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटरच्या आतबाहेर. बधना (तोटीचा लोटा) घ्या, त्यात एवढंच पाणी भरा आणि लेकराला सांगा, यात पूर्ण वजू करून दाखव. पहिल्या वेळी पाणी पायांपर्यंत पुरत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पुरतं, आणि उरतंही. उरलेलं तुळस-मोगऱ्याला घालायला लावा. चार फर्ज (करायलाच हव्यात अशा गोष्टी) मराठीत पाठ करून घ्या: तोंड धुणं, कोपरांसह हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं), घोट्यांसह पाय. बाकी सुन्नत हळूहळू.

नमाजची क्रिया मूल तुमच्याशेजारी उभं राहून शिकतं. मध्येच पळालं तर जाऊ द्या, पाठीवर चढलं तरी झिडकारू नका. पैगंबर (स.) नातीला, उमामाला, खांद्यावर घेऊन नमाज पढले आहेत, सजद्यात (डोकं टेकायला) जाताना खाली ठेवत, उठताना उचलून घेत. लेकराच्या रडण्याचा आवाज आला की आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून त्यांनी नमाज आटोपती घेतल्याचंही सांगितलं आहे. हे माहीत असलं की आपली चिडचिड निम्मी होते.

सजद्यात शरीराचे ७ भाग जमिनीला लागले पाहिजेत: कपाळ नाकासह, दोन तळहात, दोन गुडघे, दोन पायांची बोटं. मुलाला मोजायला लावा. धाकट्याची बोटं नेहमी उचललेली असायची. मोजणी सुरू केल्यावर सुधारली. बसण्या-वाकण्याच्या बारकाव्यांत मसलकाप्रमाणे (पंथाप्रमाणे) फरक आहेत, घरात जे चालतं तेच शिकवा, मुलासमोर वाद नकोत.

रकातींसाठी (नमाजच्या फेऱ्यांसाठी) वहीत पाच घरं आखा: फज्र २, जुहर ४, अस्र ४, मगरिब ३, इशा ४ फर्ज. एकूण १७. सुरुवात एका वेळेपासून, शक्यतो मगरिब, कारण तेव्हा सगळे घरी असतात.

मुलं सात वर्षांची झाली की त्यांना नमाज पढायला सांगा, ही हदीस सगळ्यांना ठाऊक आहे. दहाव्या वर्षी सक्तीचा उल्लेख पुढे येतो आणि लोक तेवढाच भाग लक्षात ठेवतात. सात आणि दहाच्या मधली तीन वर्षं मोजून बघा. दिवसाला पाच वेळा, चांद्र वर्षाचे ३५४ दिवस. पाच हजारांहून जास्त वेळा प्रेमाने सांगायचं आहे. पाच हजार वेळा कुणी गोडीने बोलावलं असेल, तर हात उचलायची वेळ येते कुठे? आणि कायदा शिकवताना छडी तर अजिबात नको. लहानपणी एका मकतबमध्ये मी छडी खाल्ली आहे. ऐनचा उच्चार करताना आजही माझा आवाज दबतो. अनस (र.) यांनी पैगंबरांची १० वर्षं खिदमत केली आणि सांगितलं की त्यांनी मला कधी 'उफ' सुद्धा म्हटलं नाही. ही हदीस शिकवणाऱ्यासाठी आहे.

सीरत आणि शेजार

सीरत, म्हणजे पैगंबरांचं चरित्र, रात्री झोपताना, क्रमाने, रोज थोडी. जन्माआधी वडील अब्दुल्लाह गेले, सहाव्या वर्षी आई आमिना, आठव्या वर्षी आजोबा अब्दुल मुत्तलिब. मुलं इथे रडतात, रडू द्या. मग हिरा गुहा, ६१० च्या सुमाराला अल्लाहकडून आलेला पहिला संदेश, 'इक़रा', वाच. ६२२ ची मक्केहून मदिनेला हिजरत. ६३२ ला वफात (निधन). मोठ्या लढाया सहा-सात वर्षांपर्यंत थोडक्यात ठेवा. त्याऐवजी अबू उमैरची गोष्ट सांगा. त्या लहान मुलाचा पाळलेला पक्षी मेला, तो उदास बसला होता, तेव्हा पैगंबर (स.) त्याला गोडीने विचारत: अबू उमैर, तुझ्या नुगैरचं काय झालं? पैगंबरांची चित्रं काढायची नाहीत, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. उंट, खजुरीचं झाड, गुहा, कोळ्याचं जाळं काढू द्या.

आपल्या गल्लीत आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोके बांधतात, श्रावणात कानबाई बसते, पोळ्याला बैल सजतात. मूल विचारणारच, "आपण का नाही?" गप्प बसवू नका. मी सांगते, "ती त्यांची पूजा, आपली इबादत अशी. झोक्यावर बस, पूजेत आपण नसतो." सूरह काफिरूनची शेवटची आयत पाठ असते, तिचा अर्थ इथे कामाला येतो: तुमचा दीन तुम्हाला, माझा दीन मला. सोबत सूरह अनआमची १०८वी आयतही सांगा: ते लोक अल्लाहशिवाय ज्यांना पुकारतात त्यांना वाईट बोलू नका. नुसतं वेगळेपण शिकलेलं मूल उद्धट होतं, म्हणून या दोन्ही सोबत हव्यात.

आणि शेजाऱ्याचा हक्क हातून शिकवा. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा शेजारच्या काकूंकडे, तोही मुलाच्या हाती, झाकण घट्ट लावून. डबा रिकामा परत येत नाही, आखाजीला सांजोऱ्या येतात. 'फरिश्ते जिब्रील शेजाऱ्याबद्दल इतकं सांगत राहिले की तो वारसदारच होणार असं मला वाटलं', ही पैगंबरांची हदीस डबा नेताना वाटेत सांगायची.

सहा-सात वर्षांचं झालं की त्याला बुऱ्हाणपूरला न्या. भुसावळ-खंडवा मार्गावर रावेरच्या पुढेच आहे, आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खान्देशाची ती राजधानी. १५९० च्या सुमारास बांधलेल्या तिथल्या जामा मशिदीत अरबी लेखासोबत संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. थोरली तेव्हा दुसरीत होती. तिने भिंतीवर शाळेतली अक्षरं ओळखली आणि मोठ्याने म्हणाली, "अम्मी, इथे आपलं लिहिलंय!" तापीकाठी थाळनेरचे फारुकी मकबरेही पाहण्यासारखे आहेत.

रमजान

पूर्ण रोजा लहानांवर फर्ज नाही. सहा-सात वर्षांपासून चिडीरोजा, म्हणजे दुपारपर्यंतचा. सहरीला (पहाटेच्या जेवणाला) उठवा, कारण सहरीची आठवण आयुष्यभर राहते. रमजान दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो, आणि आता तो थंडीकडे चालला आहे. २०३० साली तर जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा सुरू होईल. आज चार वर्षांचं असलेलं लेकरू पहिले रोजे थंडीत धरेल. आमच्या पिढीने ४४-४५ अंशांत, जूनमध्ये धरले होते. चक्कर, कोरडे ओठ दिसले की लगेच पाणी द्या आणि "रोजा तुटला" असं म्हणून त्याला हिणवू नका.

किब्ला: गच्चीवर एक काठी

शेवटचा उपक्रम माझ्या लेकरांना सगळ्यात आवडतो: किब्ला, म्हणजे नमाजसाठी मक्केतल्या काबागृहाची दिशा, शोधणं. आधी पृथ्वीचा गोल घ्या. रावेर आणि मक्का दोन्ही साधारण २१ अंश उत्तरेवर आहेत. बोट सरळ पश्चिमेला सरकवत न्या, अरबी समुद्र ओलांडला की मक्का. गोलावर सुतळी ताणली तर कळतं की सर्वात जवळची वाट पश्चिमेपासून किंचित उत्तरेला झुकते.

मग २८ मेची वाट बघा. त्या दिवशी आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काबागृहाच्या डोक्यावर असतो. गच्चीवर ओल्या मातीच्या कुंडीत काठी सरळ रोवा. सरळ आहे का ते दोरीला दगड बांधून तपासा. ठरल्या मिनिटाला सावलीवर खडूने रेघ मारा. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे पाहिलं की तोंड किब्ल्याकडे. डोक्याला ओला रुमाल, पायात चप्पल, पाण्याची बाटली जवळ. फरशी तेव्हा पाय भाजते. १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी हीच संधी पुन्हा येते, पण तोवर आपल्याकडे ढग दाटलेले असतात, म्हणून मेचा दिवस चुकवू नका. खडूची रेघ पहिल्या पावसात जाते. आम्ही रेघेच्या दोन टोकांना रंगाचे दोन ठिपके देऊन ठेवले आहेत, आणि धाकटा आपला मुसल्ला त्या दोन ठिपक्यांवर बरोबर जुळवून अंथरतो.